गाठीचा ताप आणि अडवलेले निरोप

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच लाखो माणसे शहर सोडून निघाली. गिरण्यांत राबणाऱ्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्यांचा भरणा मोठा होता. एरवी घरोघरी ज्याची वाट पाहिली जाई, त्या चाकरमान्याच्या येण्याचीही आता धास्ती वाटू लागली.

काखेत किंवा जांघेत गाठ येई, ताप चढे आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस दगावे. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी, पांढऱ्या पेशींचे ठाणेच. मग याच ठाण्यात त्या हतबल का होत?

प्लेगवर लस शोधायला मुंबईत आलेले वाल्देमार हाफकिन हे जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे शिष्य. तारामाशाच्या अळीत टोचलेल्या काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा होतात, हे मेचनिकॉफ यांनी १८८२ साली पाहिले होते. पेशींना तिकडे बोलावतो कोण, हे तेव्हा उलगडले नव्हते. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळायला शतक जावे लागले.

जंतूची चाहूल पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनांना लागते. आत एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट जोडते, दुसरे तिसऱ्याला. असा निरोप केंद्रकापर्यंत जातो. मग पेशी जंतू गिळते आणि रसायने सोडून इतर पेशींना बोलावते. प्लेगचा जंतू सुईसारख्या नळीतून स्वतःची प्रथिने थेट पांढऱ्या पेशीत सोडतो. त्यांपैकी ‘योप-एच’ फॉस्फेट काढून टाकते, त्यामुळे गिळणे थांबते. ‘योप-जे’ निरोप्या प्रथिनांवर ॲसिटिल गट चिकटवते. मग त्यांना फॉस्फेट जोडताच येत नाही आणि कुमक मागवणारा निरोप निघत नाही. ही युक्ती २००६ साली अमेरिकेत किम ऑर्थ यांच्या प्रयोगशाळेने उघड केली.

हाफकिन यांच्या प्रयोगशाळेने १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बस्तान बसवले. १९२५पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. हाफकिन यांच्या लसीत अख्खे मारलेले जंतू असत; अलीकडे चाचणी झालेल्या प्लेगच्या अनेक लसींमध्ये मात्र त्या सुईच्या टोकावरचे ‘व्ही’ प्रथिन असते. त्याविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे ही सुईच निकामी करतात आणि पांढऱ्या पेशींचे निरोप चालू राहतात.