क्लेम घेतलाय का?

माझी सारी नोकरी मोटार विम्याच्या टेबलावर झाली. पॉलिसीचं नूतनीकरण करायला आलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला: ‘गेल्या वर्षी क्लेम घेतलाय का?’

आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला १ जुलै १९४६ पासून. पण या प्रश्नाची नेमकी शिस्त मी पाहिली ती १ जुलै २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरांच्या नियमावलीत. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्य. सूट गाडीची नव्हे, मालकाची. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ती मिळत नसे.

कंपनी बदलून आलेल्या गिऱ्हाइकाकडे जुन्या कंपनीचा दाखला नसला, तर त्याच्याकडून लेखी हमी घ्यायची. मग २१ दिवसांत त्या कंपनीला पत्र टाकायचं आणि तिने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. हमी खोटी निघाली, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई बुडाली. एजंट घाईघाईत ‘नाही’वर खूण करून गिऱ्हाइकाची नुसती सही घेत, त्याचा मला फार राग यायचा, कारण भोगावं लागायचं सही करणाऱ्याला.

आणि लोकांना सूट जाण्याची उगाच धास्ती असायची. बंपरला पोचा आला, पदरचे पैसे घालून काढून घेतला, तर तो क्लेम नव्हेच. हे मी प्रत्येकाला समोर बसवून सांगायचो. २००७ मध्ये दर खुले झाले, सुटीच्या पायऱ्या मात्र त्याच राहिल्या.