हद्दीतली वीज

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर जे हिमवादळ आले, त्याचा सारा दोष निसर्गाच्या माथी मारणे सोपे आहे; परंतु त्या थंडीत माणसे आपल्याच घरात गारठून का मेली याचा शोध घ्यायचा, तर १९३५ सालच्या दप्तरापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत वीजकंपन्यांना लगाम घालणारा कायदा झाला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विजेवर केंद्र सरकारचा अंमल बसला. प्रतिनिधिगृहात या कायद्याचा पुरस्कार करणारे सॅम रेबर्न स्वतः टेक्सासचेच. तरीही टेक्सासच्या कंपन्यांनी त्यातून निसटण्याची तजवीज केली, आणि ती अगदी साधी होती. तार राज्याच्या हद्दीबाहेर जाऊच द्यायची नाही, म्हणजे वॉशिंग्टनला दखल देण्यास निमित्तच उरत नाही. महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, कारखान्यांची गरज भागविण्यासाठी या कंपन्यांनी आपापली जाळी एकमेकींशी जोडली. १९७० मध्ये ‘इलेक्ट्रिक रिलायबिलिटी कौन्सिल ऑफ टेक्सास’, म्हणजेच एर्कॉट, ही संस्था स्थापन झाली. आणि पूर्वेच्या व पश्चिमेच्या दोन अवाढव्य जाळ्यांच्या मध्ये टेक्सासचे तिसरे जाळे स्वतंत्रपणे नांदू लागले.

हे वेगळेपण किती कसोशीने जपले जाई, हे ४ मे १९७६ च्या रात्री दिसून आले. टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन्ही राज्यांत पसारा असलेल्या ‘सेंट्रल अँड साउथ वेस्ट’ या कंपनीला आपला कारभार एकसंध असल्याचे केंद्रीय अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावयाचे होते; म्हणून तिच्या माणसांनी व्हर्नन गावच्या उपकेंद्रातील जोडणी रात्रीच्या वेळी चालू करून रेड नदीपलीकडच्या अल्टसला वीज पोहोचवली. ती वाहिली काही तासच. पण ही वार्ता कळताच राज्यातील इतर बड्या कंपन्यांनी तिच्याशी असलेले संबंध तोडले, वर्षानुवर्षे कज्जे चालले, आणि अखेरीस तडजोड झाली ती इतकीच, की एकदिश प्रवाहाचे लहानसे दुवे बांधावेत, केंद्राचा अंमल मात्र वाढू नये. पूर्वेच्या जाळ्याशी असलेल्या या दुव्यांची क्षमता २०२१ मध्ये अवघी ८२० मेगावॅट होती, आणि १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी राज्याची मागणी ६९,००० मेगावॅटच्या वर गेली होती.

थंडीने पूर्वसूचना दिली नव्हती असेही नाही. १९८९ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०११ च्या फेब्रुवारीत याच राज्यात वीज गेली होती. त्यानंतरच्या केंद्रीय अहवालात यंत्रे व नळ थंडीपासून राखण्याची स्पष्ट शिफारस होती. सक्ती नसल्यामुळे खर्च टाळणाऱ्यांनी ती बासनात बांधून ठेवली.

१५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर एकामागून एक वीजनिर्मिती केंद्रे बंद पडू लागली. वायूच्या विहिरी गोठल्या. वायू पुढे ढकलणाऱ्या यंत्रांपैकी काहींची नोंद अत्यावश्यक म्हणून झालेलीच नव्हती, त्यामुळे भारनियमनात त्यांचीच वीज तोडली गेली, वायू आणखी घटला आणि त्यापायी वीजही आणखी घटली. जाळ्याची वारंवारता ६० हर्ट्झ असावी लागते, ती ५९.४ च्या खाली ४ मिनिटे २३ सेकंद राहिली. ९ मिनिटे राहिली असती, तर उरलेली केंद्रेही आपोआप बंद पडून सारे राज्य काही आठवडे अंधारात गेले असते. ते टाळण्यासाठी सुमारे २०,००० मेगावॅटचा भार तोडावा लागला. तो आलटूनपालटून तोडायचा होता. पण इस्पितळांच्या वाहिन्या वगळल्यावर फिरवायला फारसे काही उरले नाही, आणि ज्यांची वीज गेली त्यांची दिवसचे दिवस गेलेलीच राहिली.

अशी ४५ लाखांवर घरे होती. उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या त्या घरांत छतातले नळ गोठून फुटले आणि पाणी बिछान्यांवर कोसळले. लोकांनी संडासासाठी बादल्यांत बर्फ वितळवला, मुलांना मोटारीत घेऊन इंजिनाच्या उबेला रात्री काढल्या, आणि बंद गॅरेजात मोटार चालू ठेवणारे काही जण विषारी वायूने दगावले. त्याच वेळी ह्यूस्टनच्या मध्यवस्तीत रिकाम्या कचेऱ्यांचे मजले झगमगत होते. पश्चिमेच्या जाळ्यात असलेल्या एल पासो या टेक्सासच्याच शहरात दिवे बहुतांशी चालू राहिले. माझ्या मते या एका तुलनेपुढे हिमावर दोष ढकलणारा कोणताही युक्तिवाद टिकत नाही.

लोकांचा संताप न्याय्य होता. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी दूरचित्रवाणीवर पवनचक्क्या व सौरऊर्जेकडे बोट दाखवले, वस्तुतः सर्वांत मोठी तूट वायूवरील केंद्रांची होती; सिनेटर टेड क्रूझ सहकुटुंब मेक्सिकोतील कॅनकूनला निघून गेले आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी परतले. बाजारातला दर कमाल मर्यादेवर, मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरवर, चार दिवस रोखून धरण्यात आला; बदलत्या दराच्या करारात सापडलेल्या कुटुंबांना हजारो डॉलरची बिले आली. राज्याच्या आरोग्य खात्याने मृतांचा आकडा २४६ नोंदवला.

पुढे राजीनामे झाले, जाळ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या एर्कॉटचा मुख्याधिकारी बडतर्फ झाला, आणि जूनमध्ये हिवाळी बंदोबस्त सक्तीचा करणारा कायदा आला. जाळे मात्र वेगळेच राहिले. जून २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने ठरवले, की एर्कॉट ही शासनाचेच अंग असल्याने तिच्यावर नुकसानभरपाईचे दावे चालणार नाहीत. सरकारी दखल टाळण्यासाठी जे जाळे आठ दशके अलग राखले गेले, त्याच्या व्यवस्थापकांना सरकारी कवच मिळाले, आणि वादळात आप्त गमावलेल्यांची एर्कॉटविरुद्धची फिर्याद दारातच थांबली.