मुंबईच्या खानावळी आणि अण्णांचं साडेपाचचं ताट



नातीला मुंबईत नोकरी लागली. परवा तिचा फोन आला, "आजी, बाहेर जेवायच्या तुझ्या आवडत्या जागा सांग ना. आपल्याला चालेल असं मिळायला हवं." मी दोन-तीन नावं सांगितली. पण फोन ठेवल्यावर त्या जागांचा जुना इतिहासच मनात फिरत राहिला. तो तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही लिहिते.

माझी पहिली आवड माटुंग्याची. स्टेशनाजवळचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. केळीच्या पानावरचा भात, सांबार, रसम जेवून पोट आणि मन दोन्ही भरतं. उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, म्हणून ही चव आपल्याला जवळची वाटते. दुसरी जागा काळबादेवीचं ठाकर भोजनालय, 1945 सालचं. तिथली गुजराती थाळी आणि वाढणाऱ्यांचा आग्रह विसरता येत नाही.

या जागा चैनीसाठी निघालेल्या नव्हत्या. मुंबईत 1854 मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहू लागली आणि पुढे गावोगावचे पुरुष कामाला आले. बायकामुलं गावी, इथे एका खोलीत दहा-पंधरा जण. स्वयंपाक कोण करणार? त्या गरजेतून कुठे बोर्डिंग, कुठे भोजनालय, कुठे क्लब, तर कुठे खानावळ निघाली. नावं वेगळी, पण गरज एकच.

याला दुसरी बाजूही आहे. त्या काळी पाटीवर जातीचं नाव लिहिलेलं असे, आणि अनेकांना दारातूनच परत जावं लागे. 1950 मध्ये राज्यघटना अमलात आली. तिच्या 15व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. चार घास खाण्यासाठी घटनेत कलम घालावं लागलं, हे आपण विसरू नये.

आता आमच्या अण्णांची गोष्ट. माझे वडील लग्नाआधी चार वर्षं लालबागला राहून एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. आमची आजी विचारायची, "जेवतोस कोणाच्या हातचं?" अण्णा सांगायचे, "आपल्यातल्याच एका मावशीच्या." खरं म्हणजे त्या मावशी आपल्यातल्या नव्हत्या. चाळीतल्या एका खोलीत त्या पंधरा मेंबरांचं जेवण रांधत, आणि मासळीही शिजवत. पण अण्णांसाठी त्यांनी वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी ठेवली होती. हिवाळ्यात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचला त्यांचं ताट तयार असे. अष्टमी-चतुर्दशीला उपवास असला की त्या दिवसाचा खाडा न मागता कापला जाई.

हे अण्णांनी मला फार उशिरा सांगितलं. मी तोवर बाहेर पाणीसुद्धा घेत नसे आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. ऐकून मी गप्प बसले. अण्णा एवढंच म्हणाले, "नियम माझा होता, कष्ट तिचे होते."

मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबही मांडून पाहिला. वाण्याकडून माल उधार, मेंबरांचे पैसे पगार झाल्यावर, आणि मधल्या दिवसांत बाईचं मंगळसूत्रसुद्धा गहाण. भांडवल म्हणजे तिचे दोन हात. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि अशा खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. बँकेच्या कागदावर त्यांचा धंदा "धंदा" म्हणून लिहिला गेला. पुढे 1982 चा गिरणी संप झाला. मेंबर गावी गेले, आणि कितीतरी जेवणाच्या वह्यांमधली येणी तशीच राहिली. अण्णा नंतर एकदा ती चाळ शोधत गेले होते. खोलीत दुसरंच कुटुंब होतं. त्यांना आभार मानायचे होते, ते राहून गेले.

म्हणून नातीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "माटुंग्याला जा, काळबादेवीला जा. कांदा-लसूण नको हे आधी विचारून घे, पण हुकूम सोडल्यासारखं नको. आणि ऑफिसजवळ एखादी घरगुती खानावळ चालवणारी बाई असेल तर तिचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला दे, उधारी ठेवू नकोस."

ती हसली. "आजी, मी जेवायच्या जागा विचारल्या होत्या!"

त्याच सांगितल्या, बाळा.

जय जिनेंद्र.