‘कोमागाता मारू’ आणि परदेशाचे दार



परदेशाच्या दारावरील अटींचे नुसते शब्द वाचून भागत नाही. त्या कोणाला अडवतात ते पाहावे लागते. कामगार चळवळीत उभी हयात गेलेल्या आम्हां माणसांना ही सवय कारखान्याच्या फाटकावरच लागते. नोटीस दिसते सर्वांसाठी. तिचा फटका बसायचा त्यालाच बसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, लाकडाच्या गिरण्यांत, पंजाबी मजूर राबू लागले. गोऱ्या वस्तीला ते नको होते. सांगताना आम्हांला लाज वाटते, पण तेथील गोऱ्या कामगारांच्या संघटनाही त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मजुरी घसरण्याचे भय मालकाशी झगडून घालवायचे, ते त्यांनी दुबळ्या सोबत्यावर काढले.

परंतु हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. साम्राज्यातच त्याला नाव घेऊन बंदी घालणे अडचणीचे होते. म्हणून १९०८ साली युक्ती निघाली. जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तेथूनच काढलेल्या तिकिटावर, प्रवास न तोडता जो येईल त्यालाच प्रवेश! हुकमात हिंदुस्थानचे नाव नव्हते. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोटच नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर हवेत. इतरांना २५ पुरत. १९१३ च्या अखेरीस तर ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांत कारागीर व मजूर यांना उतरण्याचीच मनाई झाली.

या अटींना आव्हान देण्यासाठी गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतले. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून निघाले आणि ३७६ प्रवाशांसह २३ मे रोजी व्हँकुव्हरला पोचले. प्रवाशांत बहुसंख्य शीख होते; मुसलमान आणि हिंदूही होते. जहाज बंदरात दोन महिने अडकून पडले. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या हिंदी बांधवांनी वर्गणी काढून त्यांचा खटला लढवला. मुनशी सिंग या प्रवाशाने आपण शेतकरी असल्याचे सांगितले. अधिकाऱ्यांनी त्याला मजूर ठरवले, आणि न्यायालयानेही त्याचे अपील फेटाळले. पोलीस जहाजावर चढू लागले तेव्हा प्रवाशांनी कोळशाच्या ढेकळांनी त्यांना परतवले. शेवटी २३ जुलैला लढाऊ जहाजाच्या पहाऱ्यात ‘कोमागाता मारू’ला परत धाडण्यात आले. उतरता आले ते जेमतेम २४ जणांना.

पुढे जे घडले ते अधिक कडू आहे. सप्टेंबरात हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढून स्वदेशी परतणाऱ्यांच्या प्रवेशावरही निर्बंध घालण्याची सत्ता घेतली. २९ सप्टेंबर रोजी जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागले. प्रवाशांना आगगाडीत कोंबून पंजाबात पाठवण्याचा बेत होता. त्यांनी नकार दिला, आणि गोळीबारात सुमारे वीस प्रवासी ठार झाले. परक्याने दार लावले होते. घरचे दारही त्यांना उघडे मिळाले नाही.

अखंड प्रवासाची ती अट १९४७ मध्ये गेली. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तोवर १०२ वर्षे लोटली होती.

आपल्या घरात कोण येतो हे विचारण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे, हे आम्ही मानतो. पण व्हिसाच्या अर्जात बँकेतील शिल्लक विचारली जाते, परतीचे तिकीट मागितले जाते, तेव्हा आपणही एक प्रश्न विचारावा: ही अट येणाऱ्याचा हेतू तपासते, की केवळ त्याची गरिबी? त्या जहाजावरील माणसे हाच प्रश्न मागे ठेवून गेली आहेत.