मोटारसायकल एंजिनातील प्रज्वलनकाल

सिलिंडरात दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणावर विजेची ठिणगी नेमक्या कोणत्या क्षणी पडावी, याच्या निश्चितीस प्रज्वलनकाल जुळविणे असे म्हणतात. जुन्या मोटारसायकलचे एंजिन पूर्ण उकलून पुन्हा बांधले जाते, तेव्हा हे काम जवळजवळ शेवटी येते. त्यात चूक झाल्यास आधीची सर्व मेहनत वाया जाते. मिश्रण पेटून दाब चढण्यास काही सहस्रांश सेकंद लागत असल्याने दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. मिनिटास ६०० फेरे असताना क्रँकदंड एक सहस्रांश सेकंदात ३.६ अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांना १८ अंश; म्हणून वेग वाढेल तशी ठिणगीही अगोदर यावी लागते. ती वाजवीपेक्षा लवकर आल्यास दट्ट्या उलट रेटला जाऊन किक पायावर उसळते, चालत्या एंजिनात दट्ट्याचा माथाही जळू शकतो. ती उशिरा आल्यास शक्ती घटते व धुराची नळी तापते.

गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीत तापलेल्या नळीने मिश्रण पेटत असे. पेटण्याचा क्षण हवा तसा बदलण्याची सोय तीत नव्हती. १९०२ च्या सुमारास बॉश कंपनीतील गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. बॅटरीवाचून खात्रीची ठिणगी मिळू लागली आणि ती मागेपुढे करणारी लहानशी दांडी हँडलवर आली.

याच रचनेच्या मोटारसायकली दुसऱ्या महायुद्धात निरोप्यांसाठी व टेहळणीसाठी ब्रिटिश व हिंदी सैन्यात मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या. पुण्याजवळची खडकी १८१७ च्या लढाईने इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे येथे छावणी वसली व १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. लष्करी वाहने व यंत्रे वाढल्यावर त्यांच्या दुरुस्तीसाठी १५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभारण्यात आले; त्याची ५१२ क्रमांकाची कर्मशाळा खडकीतच आहे. युद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेली वाहने नागरिकांच्या हाती गेली आणि लष्करी पुस्तिकांतील मापे नागरी मिस्त्र्यांच्या उपयोगी पडू लागली.

त्या काळचे ठळक उदाहरण म्हणजे बीएसए एम२०. बाजूच्या झडपांच्या या ४९६ घ. सेंमी. एंजिनाची संपीडन निष्पत्ती अवघी ४.९ आहे. युद्धकाळात अशी सव्वा लाखाच्या आसपास वाहने तयार झाली. तिच्या मॅग्नेटोचे दंतचक्र निमुळत्या दांड्यावर केवळ नटाच्या आवळणीने बसते. तेथे चावी नाही. एकदा ते सुटले की मूळ जागेची खूण उरत नाही. मॅग्नेटो क्रँकदंडाच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने प्रथम दट्ट्या संपीडनाच्याच धावेत असल्याची खात्री करावी लागते. मग तो वरच्या टोकापासून ११ मिमी. खाली आणून हँडलवरील दांडी पूर्ण पुढे करतात व पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात. कागद सैल सुटतो तो क्षण ठिणगीचा. नट आवळताना चक्र किंचित सरकते, हे नवख्यांच्या ध्यानी येत नाही. म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासणी आवश्यक असते.

१९५५ नंतर मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या ३५० बुलेटमध्ये हे काम निराळे आहे. तीत पुढे बॅटरी व वेटोळ्याची योजना आली आणि वेगानुसार ठिणगी पुढे आणणारी वजने बसली. वजने मिटलेली असताना पॉइंट उघडण्याचे माप वरच्या टोकापूर्वी ०.८ मिमी., म्हणजे सुमारे १० अंश एवढे असते. येथे मापाचीच अडचण आहे : टोकाजवळ दट्ट्या फार मंद सरकतो, पहिल्या ५ अंशांत जेमतेम ०.२ मिमी.; त्यामुळे केसभर चूकही काही अंशांची होते. एम२० चे ११ मिमी. म्हणजे तीस अंशांहून अधिक. तेथे दट्ट्या वेगात असल्याने माप बिनचूक घेता येते. पॉइंटमधील फट (बुलेटमध्ये ०.३५ ते ०.४० मिमी.) आधीच ठरवावी, कारण ती वाढविली की पॉइंट लवकर उघडतात व कालही बदलतो.

जुने मिस्त्री कानाचा आधार घेत. चढावर एंजिन खणखणू लागेपर्यंत ठिणगी पुढे न्यावी, मग थोडी मागे घ्यावी, अशी ती रीत. युद्धकाळातील पेट्रोलचा ऑक्टेन अंक ७० च्या आसपास होता. हल्लीच्या साध्या पेट्रोलचा ९१ किंवा त्याहून अधिक असून त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असते. इतक्या कमी संपीडनाच्या एंजिनात असे इंधन सहसा खणखणत नाही. ठिणगी भलतीच पुढे गेली तरी कान सावध करीत नाही. सिलिंडर तापतो आणि किक उसळते तेव्हाच चूक कळते. त्यामुळे जुन्या यंत्रांच्या पुनर्बांधणीत मापनपट्टी व कागद यांचे महत्त्व उलट वाढले आहे. पुस्तिकेतील आकडाही झिजलेल्या कॅमवर किंवा बदललेल्या दट्ट्यावर जसाच्या तसा लागू पडत नाही. तो आरंभाचे माप म्हणून घेतात, रस्त्यावर चालवून किंचित फेर करतात आणि पहिली किक मारण्यापूर्वी दांडी मागे ओढून ठेवतात.