वॉटर सॉफ्टनर, घरगुती (कान्हे परिसर)

पाण्याला जडपणा आणणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम रेझिनवर धरून ठेवणारे आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडणारे यंत्र.

कान्हे (ता. मावळ, जि. पुणे) हे पुणे–लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत या स्थानकांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे. हा सगळा पट्टा जड पाण्याचा समजणे चूक ठरेल. नदीचे व धरणांचे पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचे, त्यामुळे बहुधा हलके. बोअरचे तसे नाही. बेसाल्टच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळवून घेते. त्यामुळे एकाच वस्तीत नळाच्या पाण्याने साबणाला भरपूर फेस येतो, तर बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. यंत्राचा निर्णय स्रोत पाहून घ्यावा, गावाच्या नावावर नव्हे.

परीक्षण : टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. विक्रेत्याने केवळ त्या आकड्यावर यंत्र सुचवल्यास ते स्वीकारू नये. प्रयोगशाळेत ईडीटीए अनुमापनाने जडपणा काढतात. नमुन्यात अमोनियाचे बफर घालून पीएच १० च्या आसपास आणतात आणि एरिओक्रोम ब्लॅक-टी टाकतात. द्राव द्राक्षरसासारखा लाल होतो. ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत गेले की तो जांभळट होतो आणि लालीची शेवटची छटा गेली की स्वच्छ निळा दिसतो. तेथेच थांबायचे. जांभळट रंगावर थांबल्यास आकडा कमी येतो, घाईने पुढे गेल्यास जास्त.

आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार एकूण जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) लिटरला २०० मिग्रॅपर्यंत स्वीकार्य आहे, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. २०० च्या आत घरगुती यंत्राची सहसा गरज नाही. बोअर, नळ आणि टँकर यांचे नमुने वेगवेगळे द्यावेत, आणि एप्रिल-मेमध्ये एकदा तरी तपासणी व्हावी. पावसाळ्यातल्या एकाच अहवालावर खर्च करू नये. लोहही मोजून घ्यावे, कारण ते रेझिनवर बसून त्याची क्षमता घटवते. जास्त असल्यास आधी लोह काढणारी गाळणी लागते.

आकारमान : पाच माणसांचे घर, माणशी रोज १३५ लिटर आणि जडपणा ३०० धरल्यास दररोज सुमारे २०० ग्रॅम जडपणा काढावा लागतो. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम काढते, म्हणून २५ लिटर रेझिन सहा दिवस पुरते. त्यानंतर मिठाच्या पाण्याने पुनरुज्जीवन. त्याला दर वेळी चारेक किलो मीठ जाते. मातीमिश्रित जाड्या मिठाने टाकीत गाळ साचतो. फक्त न्हाणीघर व वॉशिंग मशीनची लाइन जोडली तर लहान यंत्राने भागते.

पिण्याचे पाणी : ३०० चा जडपणा काढताना लिटरमागे सुमारे १३८ मिग्रॅ सोडियम पाण्यात येते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या घरी हे विशेष गंभीर आहे. स्वयंपाकघरातील पिण्याचा नळ यंत्राच्या आधीच वेगळा काढावा.

पर्याय : बायकार्बोनेटी जडपणा उकळल्याने बराच कमी होतो. कपड्यांसाठी धुण्याचा सोडा पुरतो. चुंबकीय व इलेक्ट्रॉनिक यंत्रे कॅल्शियम काढत नाहीत. थर कमी बसतो का, याबद्दल मतभेद आहेत.

सांडपाणी : पुनरुज्जीवनानंतरचे खारे पाणी भातखाचरात वा परसबागेत सोडू नये, सोडियमने चिकणमाती घट्ट होते, पाणी मुरत नाही.

किंमत : रेझिनचे प्रमाण आणि झडप हाती की स्वयंचलित, यांवर अवलंबून.