पुण्याची खगोल-परिभाषा
स्वारगेटकडून अलका चौकाकडे जाणाऱ्या टिळक रस्त्यावर, टिळक स्मारक मंदिरात, २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था काम करते. मात्र तेथील नवशिक्याला प्रथम भेटणाऱ्या संज्ञांचा पुण्यातील ग्रंथव्यवहार त्याहून अर्धशतकाने जुना आहे. सूर्याचा ताऱ्यांमधून दिसणारा वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त, तो खगोलीय विषुववृत्ताला जेथे छेदतो ते संपातबिंदू, आणि हे बिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे अंशाच्या बहात्तराव्या भागाइतके, मागे सरकतात ते अयनचलन. याच चलनावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथात वेदकाल मांडला, तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ मध्ये मराठीत आले. परिभाषा शिकणाऱ्याने आधी दीक्षितांकडेच वळावे.